नसण्याचं माप

दमयंती भोईर दुकानात येते तेव्हा
आधी स्टूल ओढते, मग चप्पल काढते,
मग गुंडाळलेला कॅनव्हास काउंटरवर उलगडते.
मी टेप काढतो. छत्तीस बाय अठ्ठेचाळीस.
वाशी, सेक्टर सतरा, सव्वीस वर्षं फ्रेमा बनवतोय,
मापात चुकत नाही.
चित्रात चुकतो.

पहिल्या खेपेला नुसती सारवलेली जमीन होती,
बोटांच्या अर्धगोलांसकट.
विचारलं, हे काय?
"जमिनीवर मडकं नाही."
मी म्हटलं, मडकं नाहीच.
हत्तीही नाही. माझी स्कूटरही नाही.
ती हसली. म्हणाली, म्हसकर,
जुन्या तर्कशास्त्र्यांनी याच्यावरच घसा कोरडा केलाय.

मग चहावर साय धरेपर्यंत सांगत बसली:
घडण्याआधी मातीत मडकं नसतं, ते एक नसणं.
फुटल्यावर नसतं, ते वेगळं.
मडकं म्हणजे कापड नव्हे, हेही एक.
आणि वाऱ्याला रंग नाही, कधी नव्हता, पुढेही नसेल,
ते चौथं. ते रंगवताना हात थरथरतो.

नुसतं नसणं असं काही नसतं, म्हणाली.
कशाचं, ते सांगावं लागतं.
ज्याचं नसणं, त्याला म्हणतात प्रतियोगी.
मी समोरच्या रांगेतल्या शेट्टीच्या दुकानाकडे पाहिलं.
तिथे लॅमिनेशन निम्म्या दरात होतं.

कोंबडभुज्याची ती.
घरामागे टेकडी होती, सुरुंगांनी सपाट झाली,
आता तिथे धावपट्टी.
आईला नव्या प्लॉटवरच्या घरात वेळच कळत नाही;
ऊन टेकडीवरून उतरलं की ती तांदूळ धुवायला घ्यायची.
दमयंतीने ते चित्र आणलं, तर त्यात फक्त आभाळ.
कडेने मळकं, विटलेलं,
मधोमध एक उंचवट्याएवढा तुकडा निळाशार,
जणू कालच दिलेला हात.
"इथलं आभाळ नवीन आहे," म्हणाली,
"आजवर या जागी दगड होता."

पाम बीच रोडच्या एक बाई तेव्हा दुकानात होत्या.
त्यांनी विचारलं, सोफ्यावर जाईल का?
दमयंती म्हणाली, सोफा कुठल्या रंगाचा आहे?
खरंच विचारलं तिने. चेष्टा नव्हती.

बिल करताना तिची नजर माझ्या मागे गेली.
भिंतीवर एक फिकट चौकोन आहे, वर खिळा.
तिथे एका लग्नाचा फोटो अकरा वर्षं होता.
दोनशे आगाऊ देऊन गेले, न्यायला आलेच नाहीत.
शेवटी मी काच काढून एकाच्या गणपतीला बसवली,
पट्ट्या दुसऱ्या फ्रेमेत गेल्या,
फोटो कुठे गेला, सांगता येत नाही.
कोण होते? तिने विचारलं.
पावतीपुस्तकात फक्त 'सानपाडा' लिहिलेलं.
नवरीने हिरव्या चुड्यावर मनगटी घड्याळ घातलं होतं,
एवढं आठवतं. आणि तो हसताना थोडा वाकला होता.

"म्हणजे प्रतियोगी अर्धाच ठाऊक," ती पुटपुटली,
आणि चप्पल न घालताच काउंटरमागे आली.
बोट फिरवलं. चौकोनाबाहेर धूळ, तेल, अगरबत्तीचा धूर,
आत भिंत तशीच, ऑर्डर घेतली त्या दिवशीची.
इतकी वर्षं मी समजत होतो, रंग तिथला उडालाय.

दोन आठवड्यांनी आली. स्टूल, चप्पल, कॅनव्हास.
मी टेपला हात लावला नाही.
सोळा बाय बावीस. मला पाठ होतं.
हे काय, तेही विचारलं नाही.
काच लावू?
"नको. काचेत बघणारा दिसतो."

दोनशे आगाऊ घेतले.
पावतीवर नाव लिहिलं, पूर्ण,
पत्ता, मोबाइल,
आणि कार्बन नीट उमटलाय ना
ते खालचं पान उचलून पाहिलं.